आपली पाळी संपल्यानंतर

साहित्य संमेलनाच्या मुख्य मंडपापासून काहीशा अंतरावर ‘कविकट्टा’ म्हणून जो निराळा मांडव घातलेला असतो, त्यात बहुधा ज्यांचे नाव अद्याप कोणत्याही पुस्तकावर छापून आलेले नाही असे कवी, चौघडी घातलेला कागद मुठीत धरून, आपल्या नावाचा पुकारा होण्याची प्रतीक्षा करीत बसलेले असतात. एकेकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात; आणि त्यांतली निम्मी, ही कविता आपल्याला कोठे व कोणत्या मनःस्थितीत सुचली याच्या कैफियतीत खर्ची पडली, की उरलेल्या मुदतीत कविता मावत नाही व सूत्रसंचालकाची चिठ्ठी हाती येऊनही वाचन तहकूब होत नाही. वाढवलेली ही मिनिटे संयोजकाच्या खिशातून जात नाहीत, ती मागे बसलेल्या कोणा अनोळखी कवीची असतात, एवढे ध्यानात धरले तरी पुष्कळ.

गणेशोत्सवातील हौशी गाण्यांच्या रात्री हाच प्रमाद निराळ्या वेषात अवतरतो. काळी एकमध्ये तबला लावून वादक सिद्ध असतो, आणि गायिका व्यासपीठावर आल्यावर सांगते की आपली पट्टी काळी चार! हातोडीने तबला फार तर एखाद-दुसरा सूर चढतो वा उतरतो. त्यापलीकडे दुसराच तबला हवा, आणि तो आडपडद्यामागच्या खोळीत. मग ठोकाठोक सुरू होते, संवादिनीवाला उगाचच सूर धरून बसतो, श्रोते चहाकडे वळतात. पट्टी व ताल साथीदारांना आधी कळवणे, ध्वनिक्षेपकावर टिचक्या न मारणे, घसा बसल्याची सबब पुढे न करणे, हे शिष्टाचार अर्ध्या तासात कोणासही शिकता येतील.

शिकण्यास खरा अवघड शिष्टाचार खाली खुर्चीत बसून पाळावयाचा असतो. 1923 साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायनाची गोडी महाराष्ट्रास लावली हे सर्वश्रुत आहे. परंतु माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी श्रोत्यांसमोर गाण्याबरोबरच आपसांत जमून एकमेकांच्या कविता ऐकतही असत, याचे स्मरण मात्र फारसे कोणी ठेवीत नाही. आज आपले वाचन संपताच छायाचित्र काढवून घेऊन, गाडी पकडावयाची आहे असे पुटपुटत, कवी सपरिवार निघून जातो. त्याच्या पूर्वीच्या दहांना त्याने ऐकले होते, तेही नाव केव्हा पुकारले जाईल या धास्तीने, म्हणजे जवळजवळ ऐकलेच नव्हते. मला तर वाटते, आपल्यामागून येणाऱ्या निदान चौघांना ऐकल्याखेरीज कोणी उठू नये, असे संयोजकांनी अर्जातच नमूद करून टाकावे.

तूर्त तशी वहिवाट नाही. सबब यादीतल्या शेवटच्या कवीस लाभतात ते श्रोते तिघेच: सूत्रसंचालक, ध्वनिक्षेपकवाला आणि खुर्च्या मोजून घेण्यास आलेला मांडववाला.