मंगळवारचं सेशन

कशेळीच्या पुलावर कंटेनरच्या रांगेत बस अडकली आहे आणि खिडकीशी समुपदेशन मानसशास्त्र शिकणारी एक विद्यार्थिनी बसली आहे, असं समजा. पुलापलीकडे ठाणे. तिथं आज तिचं ‘सुपरव्हिजन’ आहे. आठवडाभर घेतलेल्या सेशन्सचा पाढा मार्गदर्शिकेपुढे वाचायचा. मंगळवारी क्लायंट रडू लागला तेव्हा घाबरून हिनं विषयच बदलला होता. हे ती सांगेल?

बहुधा नाही. निकोलस लडानी, क्लारा हिल आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अमेरिकेतल्या 108 शिकाऊ थेरपिस्टना हेच विचारलं. 97 टक्क्यांहून अधिक जणांनी मार्गदर्शकापासून काही ना काही दडवलं होतं. सेशनमधल्या चुका त्यात होत्याच, पण सर्वाधिक दडवली गेली ती खुद्द मार्गदर्शकाबद्दलची नाराजी! गंमत म्हणजे, यातलं बरंचसं त्यांनी बरोबरीच्या मित्रमैत्रिणींना सांगून टाकलं होतं. साहजिकच आहे. शिकवणारा आणि गुण देणारा माणूस एकच असेल, तर चूक कबूल करायला छाती लागते.

बरं, सगळं प्रामाणिकपणे सांगायचं ठरवलं तरी आठवण दगा देतेच. 1940 च्या सुमारास ओहायोत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सेशन्स तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्यांचे विद्यार्थी बर्नार्ड कोव्हनर यांनी समुपदेशकांच्या लेखी नोंदी या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिल्या. लिहिलेलं बहुतांशी बरोबर होतं, पण झालेल्या बोलण्यातलं कितीतरी नोंदीत उतरलंच नव्हतं.

आपल्याकडे आणखी एक गाळणी लागते, ती भाषेची. भिवंडीचा यंत्रमाग कामगार ‘दिल घबराता है’ म्हणतो, आगरी घरातली आजी ‘जीव लागत नाही’ म्हणते आणि अहवालात दोघांचीही ‘ॲन्झायटी’ होते. मार्गदर्शकाच्या कानावर पडतो तो एवढाच शब्द. मूळ वाक्य ऐकवणारं ध्वनिमुद्रण, क्लायंटच्या संमतीनं केलेलं, म्हणूनच मला मोलाचं वाटतं.

मार्गदर्शकाकडून शिकण्याचं आपल्याकडे एक विलक्षण उदाहरण आहे. मुंबईचे कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार केला. शंका विचारायच्या, आक्षेप घ्यायचे, न्यूयॉर्कहून उत्तर येईपर्यंत थांबायचं. त्या पत्रांत गुणपत्रिकेची धास्ती नव्हती, म्हणूनच प्रश्न इतके मोकळे राहिले असावेत, असा माझा अंदाज. हीच उपचारपद्धती पुढे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये स्थापन केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेतही रुजली.

लडानींचाच 1999 चा एक अभ्यास आहे. जे मार्गदर्शक स्वतःबद्दल अधिक मोकळेपणानं बोलत, त्यांच्याशी विद्यार्थ्यांचं नातं अधिक घट्ट असल्याचं त्यात दिसलं. तेव्हा आज खुर्चीत बसताबसता मार्गदर्शिकेनं आधी स्वतःचं एखादं फसलेलं सेशन सांगितलं, तर मंगळवारचा विषय निघेलही. बस अजून पुलावरच आहे.