व्हिडिओ थांबवला की दिसतं ते

तीन वर्षांचा मुलगा जमिनीवर पालथा पडून खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवतो आहे. गाडी चालवत नाही, फक्त चाक. शेजारी बसलेली आई विचारते, ‘‘हे काय आहे? गाडी ना? रंग कोणता? लाल म्हण बघू!’’ मुलगा मान वर करत नाही. थोड्या वेळाने आई आणि एक प्रशिक्षित ताई याच खेळाचा व्हिडिओ मिळून बघतात. एका ठिकाणी ताई तो थांबवते, मागे नेते, पुन्हा लावते. आई क्षणभर गप्प बसली होती, तेव्हा मुलाने चाक सोडलं, गाडी बोटभर तिच्याकडे सरकवली आणि ओझरतं वर पाहिलं. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला आणि तो पुन्हा चाकाकडे वळला.

प्रसंग मी नमुन्यादाखल रचला आहे; पद्धत मात्र खरी आहे. तिचं नाव ‘पॅक्ट’. मँचेस्टरचे बालमानसोपचारतज्ज्ञ जोनाथन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ऑटिस्टिक मुलांसाठी घडवली. यात थेरपिस्ट मुलाला थेट काहीच शिकवत नाही. पालकांनी स्वतःचाच व्हिडिओ पाहायचा, आणि तोही चुका शोधायला नाही. जिथे दोघांचं जुळलं, नेमके तेच तुकडे निवडून दाखवले जातात. मग घरी रोज अर्धा तास सराव. मुलाचं लक्ष जिथे असेल तिथे आपण जायचं, प्रश्न आणि हुकूम आवरते घ्यायचे. तो चाक फिरवत असेल तर ‘गरगर गरगर’ एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड असतं. मूल बोलत नाही म्हटल्यावर आपणच दुप्पट बोलू लागतो, आणि त्याच्या बाजूने येणारी बारीकशी हाक त्या बोलण्यात बुडून जाते.

इथे मन कचरतं, कारण ‘पालकांनी बदलायचं’ या शब्दांना वाईट इतिहास आहे. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकशास्त्रात जागा मिळवून दिली. पण पुढची कित्येक वर्षं आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, ही समजूत डॉक्टरांमध्येही रुजली. 1967 मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने तिला आणखी बळ दिलं. आधीच खचलेल्या किती आयांनी हा आरोप निमूट सोसला असेल! त्याला पहिला जोरदार धक्का दिला बर्नार्ड रिमलँड यांनी, 1964 सालीच. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. पुढे 1977 मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोघंही ऑटिस्टिक निघाले. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांत अशी एकही नव्हती. मूळ आनुवंशिकतेत होतं, आईच्या मायेत नव्हे.

मग पालकांनाच का शिकवायचं? ब्रिटनचे डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि समाजशास्त्रज्ञ आहेत. 2012 मध्ये त्यांनी मांडलं की गैरसमज दुतर्फा असतो: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळायला जड जातं, तसंच इतरांनाही त्याचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुलाने गाडी बोटभर सरकवली हे बोलणंच होतं, पण ते आपल्या ओळखीच्या बोलण्यासारखं नव्हतं. प्रेम कितीही असलं तरी असं बोलणं सहजासहजी नजरेत भरत नाही.

पॅक्टची पहिली चाचणी इंग्लंडमध्ये 152 लहान मुलांवर झाली. 2010 मध्ये निकाल आले तेव्हा आईवडील आणि मूल यांच्यातला संवाद स्पष्ट सुधारला होता, पण ऑटिझमची लक्षणं फारशी हलली नव्हती. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण सुमारे सहा वर्षांनी संशोधकांनी त्यातल्या 121 मुलांना पुन्हा गाठलं. तोवर ती दहा-अकरा वर्षांची झाली होती. तीव्र लक्षणं असलेल्यांचं प्रमाण पॅक्ट न मिळालेल्या मुलांत 63 टक्के होतं, तर पॅक्टच्या गटात 46. हा काही चमत्कार नव्हे: मुलांची चिंता, घाबरेपणा यांत फरक दिसला नाही. पुढे ही पद्धत घराबरोबर शाळेतही नेऊन पाहिली, तेव्हा लक्षणांवर परिणाम आढळला नाही. संवाद मात्र तेव्हाही सुधारला.

आणि आता गोवा. तज्ज्ञ मोठ्या शहरांत, तेही मोजके, मग हे आपल्याकडे कसं जमणार? गोव्यातली ‘संगत’ संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे संशोधक यांनी ग्रीन यांच्या साथीने पॅक्टचं दक्षिण आशियाई रूप तयार केलं, ‘पास’. दोन ते नऊ वर्षांची 65 मुलं दोन्ही ठिकाणांहून घेतली. व्हिडिओ थांबवून दाखवणारे इथे तज्ज्ञ नव्हते, या कामापुरतं प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते होते. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले: पालक मुलाच्या लयीत येऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. एक आकडा मात्र उलटा गेला: दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ घटला. संशोधकांनी तोही जसाच्या तसा छापला, म्हणून उरलेल्या आकड्यांवर माझा विश्वास अधिक बसतो.

मुलाच्या वाढीबद्दल शंका असेल तर सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे तपासणी मोफत होते. तिथे किंवा खासगी थेरपिस्टकडे गेलात तर मुलाला आत पाठवून बाहेरच्या बाकावर बसून राहू नका. सरळ विचारा, ‘‘आम्ही घरी त्याच्याशी कसं खेळायचं, ते आम्हाला बसवून दाखवाल का?’’