बक्षीस आणि मुलांची गोडी

वर्गातून छडी गेली हे चांगलेच झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली. मात्र छडीची जागा पुष्कळ शाळांतून खाऊ, पेन्सिली व वहीवरील चांदण्या यांनी घेतली आहे. बक्षीस हे शिक्षेहून सौम्य खरे. पण ते सर्वस्वी निरुपद्रवी आहे, असे समजणे योग्य नव्हे.

या संबंधात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालमंदिरात झालेला एक प्रयोग ध्यानी घेण्याजोगा आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट या तिघांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची ५१ मुले त्यांनी निवडली. काहींना, चित्र काढल्यास सोनेरी तारा व फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधीच सांगितले. काहींना तेच पत्र चित्र झाल्यावर अवचित दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेने नुसती मांडून ठेवली. तेव्हा आधी आमिष दाखविलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र उणावली नव्हती. अर्थात दोष प्रशस्तिपत्राचा नव्हे, आधी ठरलेल्या सौद्याचा होता.

गोष्टीचे पुस्तक वाचल्यास पेन्सिल, असे ठरले की चाणाक्ष मूल सर्वांत बारीक पुस्तक उचलते. त्यात त्याचा काय दोष? व्यवहार त्याला बरोबर समजला आहे.

तथापि बक्षीस सर्वत्र वर्ज्य मानण्याचे कारण नाही. १९९९ साली अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात गोडीच्या कामास ठरवून दिलेली वस्तू बाधक ठरली, रुक्ष कामास तशी ठरली नाही. पाढ्यांचे पाठांतर किंवा जेवणापूर्वी हात धुण्याची सवय यांसाठी आरंभी लहानसे आमिष चालेल; सवय जडताच ते हळूहळू मागे घ्यावे.

स्तुतीलाही हाच विवेक लागतो. नुसत्या ‘शाबास’पेक्षा ‘हातच्याचा अंक या वेळी विसरला नाहीस’ हे वाक्य मुलाला अधिक काही देते. आणि त्याला पैसाही लागत नाही, हे ज्यांना खडूसुद्धा पदरमोड करून आणावा लागतो त्या शिक्षकांना सांगावयास नकोच.