हवाई अंतर व उड्डाणकाल

हवाई अंतर व उड्डाणकाल : दोन विमानतळांमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागास अनुसरून मोजलेल्या किमान लांबीस हवाई अंतर आणि विमानास त्यांमधील प्रवासास लागणाऱ्या वेळेस उड्डाणकाल म्हणतात. हवाई अंतर भूमितीने ठरते व ते कायम राहते. उड्डाणकाल मात्र विमानाचा वेग, वारे आणि वाटेतील देशांची अनुमती यांनुसार बदलतो.

पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल तिच्या पृष्ठभागास ज्या वर्तुळात छेदते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. दोन स्थळांमधून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताचा लहान कंस हा त्यांमधील लघुतम मार्ग होय. या कंसाने केंद्राशी केलेल्या कोनाच्या प्रत्येक अंशामागे सु. १११ किमी. अंतर येते. उदा., हेल्‌सिंकी व टोकिओजवळील नारिता या विमानतळांमधील कोन सु. ७०° असून त्यांमधील अंतर सु. ७,८०० किमी. आहे. हेल्‌सिंकी सु. ६०° व नारिता सु. ३६° उत्तर अक्षांशावर असूनही हा मार्ग सायबेरियावर सु. ६७° उत्तरेपर्यंत चढतो. त्यामुळे सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो.

मोठी जेट विमाने ताशी सु. ८५० ते ९०० किमी. वेगाने जातात. वेळापत्रकातील कालावधीत धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण व थांब्यापर्यंतचा वेळही धरलेला असतो. मध्य अक्षांशांत सु. १० किमी. उंचीवर पश्चिमेकडून वाहणाऱ्या झोतवाऱ्यांमुळे पूर्वेकडील प्रवासास सामान्यतः कमी वेळ लागतो; लंडनहून न्यूयॉर्कला जाण्यास परतीपेक्षा सु. एक तास अधिक लागतो. निघण्याच्या व पोहोचण्याच्या स्थानिक वेळांतील फरक म्हणजे उड्डाणकाल नव्हे; टोकिओचे घड्याळ हेल्‌सिंकीच्या पुढे उन्हाळ्यात सहा व हिवाळ्यात सात तास असते.

शिकागो करारानुसार (१९४४) प्रत्येक राष्ट्राची आपल्या प्रदेशावरील हवाई क्षेत्रावर पूर्ण सत्ता असते. त्यामुळे लघुतम मार्ग प्रत्यक्षात उपलब्ध असेलच असे नाही. फिनएअर या कंपनीने १९८३ मध्ये हेल्‌सिंकी–टोकिओ विनाथांबा सेवा सोव्हिएट हवाई क्षेत्र टाळून उत्तर ध्रुवप्रदेशावरून सुरू केली. पुढे सायबेरियावरून जाण्याची अनुमती मिळाली आणि हा प्रवास सु. साडेनऊ तासांवर आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर यूरोपीय संघाने रशियन विमानांना व रशियाने संघातील देशांच्या विमानांना हवाई क्षेत्र बंद केले. मार्च २०२२ मध्ये ही सेवा पुन्हा ध्रुवप्रदेशावरून वळविण्यात आली व उड्डाणकाल सु. तेरा तास झाला. अशा वळशामुळे इंधनाचा खर्च वाढतो, इंधनाच्या भारामुळे माल नेण्याची क्षमता घटते आणि वैमानिकांची संख्याही वाढवावी लागते. हेल्‌सिंकी व टोकिओ यांमधील अंतर मात्र १९८३ मध्ये जेवढे होते, तेवढेच आजही आहे.