रिकामे सिंहासन आणि पुसलेली माणसे

धार्मिक प्रतीकाचा अर्थ चित्रातच सामावलेला असतो, की ते चित्र मानणाऱ्या समाजात? या प्रश्नाचा विचार करताना इटलीतील राव्हेन्ना नगरीची कुट्टिमचित्रे, म्हणजेच मोझेक, आम्हांस विशेष उद्बोधक वाटतात. रंगीत काचेचे व दगडाचे बारीक तुकडे ओल्या गिलाव्यात बसवून ही चित्रे घडविली जात.

इ. स. ४९३ ते ५२६ या काळात ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक याची राजधानी येथे होती. तो एरियन पंथाचा होता. पुत्र येशू हा पित्याने निर्मिलेला, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नव्हे, असे हा पंथ मानी. इ. स. ३२५ च्या नायसीआ धर्मपरिषदेने हे मत त्याज्य ठरविले होते.

राव्हेन्नात दोन्ही पंथांची स्वतंत्र बाप्तिस्मागृहे होती. ती आजही उभी आहेत. दोहोंच्या घुमटांत मध्यभागी येशूचा बाप्तिस्मा, शेजारी वृद्ध पुरुषाच्या रूपातील जॉर्डन नदी आणि सभोवार बारा प्रेषित दिसतात. एरियन घुमटात हे प्रेषित एका रिकाम्या सिंहासनाकडे चालले आहेत. सिंहासनावर जांभळी उशी व क्रूस आहे. जांभळा हा सम्राटाचा रंग. म्हणून रिकामे आसन अदृश्य ख्रिस्ताचे सार्वभौमत्व व त्याचे पुनरागमन सूचित करते. अशी रिकामी सिंहासने दुसऱ्या बाप्तिस्मागृहातही आहेत. सिद्धान्त परस्परविरोधी असूनही प्रतीके समानच होती.

इ. स. ५४० मध्ये बायझंटाइन सेनेने नगरी जिंकली. पुढे सम्राट जस्टिनियन याच्या काळात एरियनांची चर्चे प्रतिपक्षाच्या हाती गेली. थिओडोरिकने बांधविलेल्या, आज सांत अपोलिनारे नुओव्हो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चर्चमध्ये राजवाड्याचे चित्र आहे. त्यातील स्तंभांमधील मानवाकृती काढून टाकून तेथे पडदे चितारण्यात आले. मात्र त्याच भिंतींवरील येशूचरित्राची २६ दृश्ये राखण्यात आली.

यावरून हे स्पष्ट होते की, विजेत्यांचा आक्षेप प्रतीकांवर नव्हता. ती त्यांनी निःशंकपणे आपलीशी केली. पुसावयाची होती ती माणसे व त्यांची स्मृती. म्हणून कोणत्याही धर्मस्थळाचा अभ्यास करताना तेथे काय चितारले आहे एवढेच पाहून भागत नाही. काय झाकले आहे, हेही पाहावे लागते. राव्हेन्नात ते शोधणे कठीण नाही. पडद्यांमागील माणसे नाहीशी झाली, परंतु त्यांतील काहींचे हात स्तंभांवर आजही तसेच आहेत.