सहकुटुंब नौकाविहार : काही आवश्यक खबरदारी

सुटीच्या दिवशी मुलांनी नावेत बसण्याचा हट्ट धरला नाही, असे घर रावपुऱ्यात विरळाच असेल. चांदोदला गेले की संगमापर्यंत नावेतून जाणे ओघानेच येते. हा आनंद निर्दोष आहे आणि तो मुलांना मिळावा, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु आपल्या शहराने या आनंदापायी दोन वेळा मोठे दुःख भोगले आहे, याचा विसर पडता कामा नये.

११ ऑगस्ट १९९३ रोजी सूरसागर तलावात नाव उलटली. नाव वीस माणसांची होती, बसविली होती अडतीस. त्यांतील बावीस जण गेले. पुढे १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून बारा मुले व दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. दोन्ही प्रसंगांत तीस वर्षांचे अंतर आहे. कारणे मात्र तीच. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती.

नाव का उलटते, हे समजून घेतले म्हणजे नियम पाठ करावे लागत नाहीत. माणसे वाढली की नाव खाली बसते आणि तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो. मग लहानशी लाटही आत शिरते. नाव थोडी कलली, तर त्या बाजूचे पाणी तिला वर लोटून पुन्हा सरळ करते. परंतु माणसे उभी राहिली की वजन वर जाते आणि सरळ होण्याची ही शक्ती घटते. आत शिरलेले पाणीही कललेल्या बाजूकडेच धावते व नावेला अधिक कलवते. केरळात थेक्कडी येथे ३० सप्टेंबर २००९ रोजी ४५ प्रवासी बुडाले. काठावरील वन्य प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूस सरकले, असे त्या वेळी सांगण्यात आले होते.

म्हणून नावेत पाऊल ठेवण्यापूर्वी कुटुंबप्रमुखाने चार गोष्टी पाहाव्यात :

(१) नावेत किती माणसे बसू शकतात हे विचारावे व डोकी स्वतः मोजावीत. मांडीवरचे मूलही मोजावे.

(२) प्रत्येकाला जाकीट मिळाले आहे काय, हे पाहावे. मुलाला मुलाच्याच मापाचे हवे. पट्टे आवळून जाकीट खांद्यांपाशी धरून वर ओढावे. ते हनुवटीच्या वर सरकले, तर पाण्यात मूल त्यातून निसटेल.

(३) वारा, पाऊस किंवा अंधार असल्यास बेत रद्द करावा.

(४) नाव सुटण्यापूर्वी कोणते मूल कोणत्या मोठ्या माणसाने सांभाळायचे, हे ठरवून टाकावे.

नाव चालू असता कोणी उभे राहू नये, जागा बदलू नये; छायाचित्रे बसूनच काढावीत. पोहता येते म्हणून जाकीट नको, हा युक्तिवाद ऐकू नये. नाव उलटताना डोक्यास मार बसला किंवा कोणी गळ्याशी मिठी मारली, तर पोहणे उपयोगी पडत नाही.

नाव उलटलीच, तर तिला धरून राहावे. लाकडी नाव बहुधा पालथी होऊनही तरंगते. काठ जवळ दिसला तरी तिकडे पोहत निघण्याचा मोह टाळावा. बुडणारे मूल हाका मारील, ही समजूत चुकीची आहे; त्याला श्वासच मिळत नसतो, मग आवाज कोठून येणार? काठावरच्यांनी पाण्यात उडी न घेता दोर, ओढणी, लांब काठी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन पुढे करावा.

बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबणे किंवा त्याला उलटे धरून फिरविणे हानिकारक आहे. श्वास चालत नसेल, तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर तीस दाब व दोन श्वास असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

जबाबदारी केवळ प्रवाशांची नव्हे. सूरसागरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असा निर्णय दिला की, काम कंत्राटदारास दिले म्हणून महानगरपालिकेची जबाबदारी संपत नाही. तथापि न्याय मिळण्यास एकवीस वर्षे लागली, आणि गेलेले कोणी परतले नाही. नावाड्याला 'आम्ही पुढच्या फेरीने येऊ' असे सांगण्यास एक क्षण पुरतो.

'देव तारील' असे म्हणून भरल्या नावेत चढणे ही श्रद्धा नव्हे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आमच्या घरांत लहानपणीच कानी पडते. नावेच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे डोकी मोजणे आणि जाकिटाचे पट्टे आवळणे. आपल्या न्यासाच्या पुढील सहलीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने एवढे मुलांना समजावून सांगावे, ही विनंती.