विहीर भरलेली, तरी पावसाची वाट!

आपल्या ऑफिसात निम्म्या लोकांच्या डेस्कटॉपवर फ्रान्सचं एखादं खेडं असतं. लव्हेंडरची शेतं, दगडी घरं, शांतता. बॉस ओरडला की बघायचं आणि उसासा टाकायचा! मी म्हणतो, व्हिसा-बिसा सोडा. रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडा आणि शेगावला उतरा. तिथून पूर्णेचा पूल ओलांडून उत्तरेला निघालं की बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातलं वरवट बकाल येतं.

लँडस्केप म्हणाल तर एकदम फुल स्क्रीन! सपाट काळी जमीन आणि समोर सातपुड्याची निळी रेघ. नोव्हेंबरात कापूस फुटलेला, अधूनमधून तुरीच्या पिवळ्या ओळी. कंबरेला ओटी बांधून बाया वेचणी करत असतात. दुपारी पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा. आपला मल्टिग्रेन ब्रेड यापुढे अगदीच बिचारा.

पण इथली खरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळते. एका घरी हात धुतल्यावर मी तिथलंच पाणी प्यायला ओंजळ धरली, तर आजी ओरडल्या, ‘‘काहून रे बाप्पा, ते नको पिऊ! ते वापराचं हाय. प्याचं या माठात.’’

हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरलाय. गाळाच्या जाड थरांखालचं पाणी खारट. हे पाणी पिकाला सतत दिलं तर काळी माती घट्ट होते, निचरा होत नाही. म्हणजे विहिरीत पाणी असूनही शेतकरी आभाळाकडेच बघणार! म्हणून तर शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला, अक्षय्यतृतीयेच्या घटमांडणीतून पाऊसपाण्याचा अंदाज ऐकायला इतकी गर्दी होते. या पट्ट्यात किडनीचे आजार हा घरोघरी चिंतेचा विषय आहे आणि लोक बोट दाखवतात ते पाण्याकडेच.

उपाय नाहीत असं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी वान नदीवरच्या धरणात गोडं पाणी आहे. तिथून संग्रामपूर आणि जळगाव जामोदसाठी 140 गावांची पाणीपुरवठा योजना झाली. पावसाचं गोडं पाणी साठवायला शेततळीही आहेत. तरी नळ आला का, किती वेळ आला, हा इथला रोजचा टॉपिक. आपल्याकडे ट्रॅफिकचा असतो, तसा.

तिथल्या एका पोराला विचारलं, पुण्याला येणार का? तो म्हणाला, ‘‘याचं तर हाय. पन शेती कोन पाहीन?’’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तर जा जरूर. हिवाळ्यात जा, उन्हाळा इथे भाजून काढतो. मुक्काम शेगावला करा. उत्तरेला अंबाबरवा अभयारण्यही आहे. आणि कुणी माठातलं पाणी पुढे केलं, तर ग्लासात थेंब न ठेवता प्या.